आमचे पूर्वज आणि स्वातंत्र्याचा लढा

ज्युबिलीच्या प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत धर्मगुरूंचा व धर्मभगिनींचा नामनिर्देश व्हावा, ज्यांनी विटा, कौले आणि पैसा दिला त्यांचे आभार मानले जावेत, ही रीत योग्यच आहे. आणि इतर पानांत ते कार्य झालेलेही आहे. आम्हांस येथे निराळ्याच विषयास हात घालावयाचा आहे. ज्युबिलीची तयारी चालू असता आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांनी आपापल्या घराण्याच्या जुन्या हकीकती लिहून पाठविल्या. त्यांपैकी पुष्कळांच्या शेवटी एकच प्रश्न होता. आमच्या घराण्यात देशाच्या स्वातंत्र्यासाठी कोणी लढला होता काय, आणि लढला असल्यास त्याचा पुरावा कोठे मिळेल? या प्रश्नामागे नुसते कुतूहल नाही. आपल्या मुलांना शाळेत, बाजारात, कचेरीत केव्हा ना केव्हा ऐकावे लागते की, तुम्ही ख्रिस्ती लोक, तुमचा या लढ्याशी काय संबंध! मुले घरी येऊन विचारतात, आणि घरातील वडील मंडळींजवळ उत्तर नसते. यास्तव जे ठाऊक आहे ते सरळपणे मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

वंशावळीचा शोध ख्रिस्ती माणसास परका नाही. संत मत्तय आपल्या शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीने करितो, आणि संत लूक ती थेट आदामापर्यंत नेऊन पोचवितो. मत्तयाच्या यादीत राजे आहेत तशी यरीहो येथील राहाब आहे, परदेशी रूथ आहे, आणि उरीयाच्या बायकोचाही उल्लेख आहे. गैरसोयीची नावे त्याने गाळली नाहीत. पूर्वजांच्या शोधास निघणाऱ्याने ही गोष्ट आरंभीच मनाशी बांधून ठेवावी, कारण कागदपत्रांत काय सापडेल हे आधी सांगता येत नाही.

आपल्या पनवेलच्या शेजारीच या शोधाचा उत्तम नमुना आहे. पनवेलहून पेणच्या रस्त्यास लागले म्हणजे कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो, आणि त्याच्या अलीकडे शिरढोण हे गाव लागते. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. फडके घराण्याची परंपरा सांगते की, वासुदेवांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते व इंग्रजांची फौज चालून आली तेव्हा त्यांनी काही दिवस किल्ला लढविला. आता या परंपरेस दुसऱ्या बाजूने आधार काय, हे पाहावे. इंग्रजांच्या लेखी नोंद अशी की, पेशवाईच्या अखेरच्या युद्धात, १८१८ च्या जानेवारीत, कर्नल प्रॉथर याने कर्नाळा घेतला. घरातील आठवण माणसाचे नाव सांगते. शत्रूचा कागद साल, महिना व सेनापती सांगतो. दोहोंचा सांधा जुळला म्हणजे शोध पायावर उभा राहिला असे समजावे. ज्या घरात केवळ आठवण आहे त्याने कागद शोधावा, आणि ज्याच्या हाती केवळ कागद आहे त्याने म्हाताऱ्या माणसांजवळ जाऊन बसावे.

नातवाची गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक आहे. तरी तिच्यातील पनवेलकडील भाग फारसा सांगितला जात नाही, म्हणून थोडा विस्तार करितो. वासुदेव बळवंत पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीस होते. आई मरणोन्मुख असता रजा मिळाली नाही, ही गोष्ट त्यांच्या मनास फार लागली असे चरित्रकार सांगतात. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ आला. माणसे अन्नावाचून मरत असता सरकारी वसुली चालू आहे हे त्यांनी गावोगाव हिंडून पाहिले. सुशिक्षितांनी त्यांचा शब्द मानला नाही. रामोशी, कोळी, धनगर यांनी मानला. १८७९ च्या फेब्रुवारीत धामारी येथे पहिला दरवडा पडला, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्याच्या १० व ११ तारखेस त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी घाट उतरून आपल्या पनवेलजवळच्या पळस्पे व चिखली या गावांवर छापे घातले. लूट सुमारे दीड लाखाची होती असे सांगतात. ती घेऊन घाटमाथ्याकडे परतत असता मेजर डॅनियल याच्या तुकडीने त्यांस गाठले व दौलतराव गोळी लागून पडले. नंतर वासुदेव बळवंतांचे बळ खचले. २० जुलै १८७९ रोजी विजापूरकडील देवर नावडगी येथे ते पकडले गेले, पुण्यास खटला झाला, सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांची वकिली केली, आणि जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात झाली. तेथून १८८३ च्या फेब्रुवारीत खोलीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले. पुन्हा पकडले गेले, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस अन्नत्यागानंतर मरण पावले.

येथे शोध करणाराने दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली अशी की, आज ज्यांस आपण क्रांतिवीर म्हणतो त्यांस त्या काळच्या सरकारी कागदात दरवडेखोर म्हटलेले आहे. वासुदेव बळवंतांची दैनंदिनी व आत्मचरित्र पोलिसांच्या हाती लागले म्हणूनच राहिले, आणि मुंबई सरकारने १९५७ साली स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला तेव्हा ही हकीकत त्यात आली. परंतु त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्या रामोश्यांची, कोळ्यांची नावे कोण शोधणार? ती गुन्ह्यांच्या नोंदीत, आरोपींच्या यादीत आहेत. ज्याचा पणजा चोरीदरवड्याच्या आरोपाखाली शिक्षा भोगून आला असे घरात कुजबुजून बोलले जाते, त्याने ती कुजबूज टाकून देऊ नये; साल विचारावे. अर्थात प्रत्येक दरवडेखोर देशभक्त होता असेही नव्हे. पळस्प्यास ज्याचे घर लुटले गेले त्याच्या नातवंडांस त्या रात्रीची गोष्ट निराळी ऐकू आली असेल. दुसरी गोष्ट कचेरीची. १८७९ साली पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्याच गॅझेटियरात त्याचे वर्णन आहे. पुढे तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला, आणि कुलाब्याचे नाव १९८१ पासून रायगड झाले. तेव्हा आजोबांचे कागद अलिबागेस सापडले नाहीत म्हणून निराश होण्याचे कारण नाही. पणजोबांचे ठाण्याकडे असावयाचे.

आता चिरनेरकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांनी उरणच्या वाटेवर हे गाव पाहिले आहे, आणि तेथील स्मारकही पाहिले असेल. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा कोकणच्या किनाऱ्यास त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडली नाही, कारण उरण-पेणच्या मिठागरांत पिढ्यान् पिढ्या राबणारी माणसे आपल्याच हाताने काढलेल्या मिठावरचा कर जाणत होती. पावसाळ्यात मीठ पिकत नाही. म्हणून चळवळीने रानाकडे मोर्चा वळविला. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे सरकारी रानातील गवत कापून जंगल सत्याग्रहास तोंड फोडले, आणि पाहता पाहता तो महाराष्ट्रभर पसरला. जंगलाचा कायदा म्हणजे काय, हे शहरातील मनुष्यास कळावयाचे नाही. चुलीस लाकूड, गुरांस चारा, घरास वासा, हे सर्व ज्या रानातून पूर्वापार येत होते, त्याच रानात कोयता घेऊन शिरणे हा एकाएकी अपराध ठरला. आणि गरिबास जंगलाच्या शिपायाची मर्जी सांभाळणे प्राप्त झाले.

२५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर व भोवतालच्या गावांतील लोक अक्कादेवीच्या रानात जमले. आगरी होते, कोळी होते, कातकरी होते. हातांत कोयते होते, कारण सत्याग्रहच झाडे तोडण्याचा होता. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. चिरनेरचे नाग्या महादू कातकरी आणि धाकू गवत्या फोफेरकर, दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे, मोठ्या जुईचे रामा बामा कोळी, धाकट्या जुईचे आनंदा माया पाटील, पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील, खोपट्याचे हसुराम बुधाजी पाटील, आणि कोप्रोलीचे न्हावी घराण्यातील एक गृहस्थ, हे ते आठ. त्याच गोळीबारात सरकारच्या बाजूने आलेले पनवेलचे मामलेदार जोशी हेही मरण पावले. नंतर गावांवर पोलिसांचा जो कहर झाला, घरे झडली, माणसे पकडली गेली, खटले चालले, त्याच्या आठवणी त्या गावांतून आजही सांगितल्या जातात. दर वर्षी २५ सप्टेंबरला तेथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

या आठ नावांकडे आम्ही वारंवार पाहिले आहे. पहिली गोष्ट, ती एकाच जातीची नाहीत. ज्यास मालकीची एक गुंठाही जमीन नसावयाची असा कातकरी त्यांत आहे. दुसरी गोष्ट, प्रत्येकापुढे गाव आहे. ही गावे पाच-दहा मैलांच्या टापूत आहेत, आणि आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबांच्या सोयरिकी व जमिनी याच टापूत आहेत. तिसरी गोष्ट स्पष्टपणे सांगतो: त्यांत ख्रिस्ती नाव नाही. आपल्या स्मरणिकेत हे छापणे कित्येकांस रुचणार नाही. परंतु जे नाही ते आहे म्हणण्याने हुतात्म्यांचाही मान राहत नाही आणि आपलाही. शिवाय आठ नावे ही मेलेल्यांची आहेत. त्या दिवशी रानात जमलेला, जखमी झालेला, पकडला गेलेला, घरी लपवून ठेवलेला माणूस कोण कोण होता, ही यादी अद्याप कोणी पुरी केलेली नाही. आपल्या शोधास जागा आहे ती तेथे.

आमची नावे सरकारी यादीत सहसा का आढळत नाहीत, याची कारणे पाहू गेल्यास ती लाजेची नसून पुष्कळशी नावांच्या घोटाळ्याची आहेत. आपल्यात मुख्यतः तीन प्रवाह मिसळलेले आहेत. उरण, ठाणे, मुंबई, वसई इकडील जुने कॅथलिक हा पहिला. नगर, संभाजीनगर, जालना या भागांतून आलेले मराठी कॅथलिक हा दुसरा. आणि गोव्याकडील तिसरा. यांतील बहुसंख्य मंडळी १९७० साली सिडको स्थापन होऊन नवी मुंबई व नवीन पनवेल वसू लागल्यानंतरची आहेत. अर्थात त्यांच्या आजोबांचा शोध पनवेलच्या दप्तरात करणे म्हणजे आपली विहीर सोडून दुसऱ्याच्या विहिरीत पोहरा सोडणे होय.

पहिल्या प्रवाहातील घराण्यांची अडचण आडनावांची. पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्मा झाला म्हणजे बहुधा धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळे. एकाच गावातील दोन डिसोजा त्यामुळे एका रक्ताचे असतीलच असे नाही, आणि एक लोपीस व एक परेरा मात्र सख्ख्या भावांचे वंशज निघावयाचे. त्यांत भर म्हणजे गावात त्या माणसास कोणी आडनावाने ओळखतच नसे. त्यास घराचे नाव असे, धंद्याचे असे, कधी कुचेष्टेचेही असे. पोलिसाने यादी केली ती गावातील हाकेच्या नावाने, पाद्र्याने नोंद केली ती देवळातील नावाने. एकच माणूस दोन वह्यांत दोन नावांनी निजलेला आहे. आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. मुंबई-साष्टीकडील या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेतले ते १८८७ साली, महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्ण ज्युबिलीच्या वर्षी. नोकरीधंद्यात आपण येथील मूळचे रयत आहोत हे सरकारास कळावे असा त्यात हेतू होता. त्या नावावरून आज कोणी आपल्या पूर्वजांस इंग्रजांचे बगलबच्चे म्हणेल. परंतु त्याच समाजात काका बॅप्टिस्टा जन्मले, हे त्यास ठाऊक नसावयाचे.

दुसऱ्या प्रवाहातील मंडळींनी आपली गायकवाड, साळवे, जाधव ही आडनावे टाकली नाहीत, म्हणून त्यांचे काम सोपे वाटते. ते तसे नाही. नगर जिल्ह्यातील कॅथलिक मिशनचा आरंभ १८७८ चा. तो जर्मन येशूसंघीयांनी केला. पहिल्या महायुद्धात त्या धर्मगुरूंस इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचे म्हणून नजरकैदेत ठेविले व पुढे परत धाडले. त्या वर्षांत मिशनची कामे व वह्या हातोहात फिरल्या, हे नोंदी धुंडाळणाराने ध्यानात ठेवावे. या घराण्यांतील पेटीत पुष्कळदा एक पदक निघते. त्यावर बादशहाचे मुख असते, आणि घरात सांगतात की आजोबा लढाईत होते. कडेवर कोरलेला नंबर व पलटणीचे नाव भिंगाने वाचून पाहावे. १९१४-१८ च्या लढाईचे असले तर आजोबा बादशहासाठी लढले होते. १९१७ साली उभारलेली व १९२१ साली मोडलेली महारांची १११ वी पलटण कित्येकांच्या घरात आहे. तो पराक्रम खराच, परंतु तो स्वातंत्र्याचा लढा नव्हे. दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

याच ओघात दुसऱ्या बाजूचाही विचार करणे प्राप्त आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तटाच्या आत जे होते त्यांत आपले काही पूर्वज होते. १९३० साली कित्येक ख्रिस्ती घरांतील कर्ते पुरुष रेल्वेत, बंदरखात्यात, पोलिसांत नोकर होते. ज्याच्या आजोबाने त्या काळात सरकारी पट्टा कमरेस बांधला त्याने तो लपवू नये. मामलेदार जोशींनाही घर होते. आणि एकाच घरात वडील भाऊ नोकरीत व धाकटा खादीत, असा प्रकार त्या वर्षांत महाराष्ट्रात कोणत्या जातीत नव्हता?

ख्रिस्ती नावे पाहावयाची तर काका बॅप्टिस्टांपासून आरंभ करावा. जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावच्या माथारपाखाडीत झाला. घराणे मूळचे उत्तनचे. पुण्यास इंजिनियर होऊन ते केंब्रिजला गेले, बॅरिस्टर झाले, आणि लोकमान्य टिळकांचे वकील व जिवलग सहकारी बनले. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली तेव्हा तिचे अध्यक्षपद बॅप्टिस्टांस दिले. १९२० साली कामगारांची अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. टिळकांसारख्या कडव्या सनातनी म्हणविल्या जाणाऱ्या पुढाऱ्याने स्वराज्याच्या संस्थेच्या शिरोभागी एका कॅथलिकास बसविले, यातच पुढच्या पुष्कळ आक्षेपांचे उत्तर आहे. मिठाचा कायदा मोडला गेला ते वर्ष त्यांनी पाहिले. चिरनेरची बातमी मात्र त्यांनी ऐकली नाही. चिरनेरपूर्वी नेमके सात दिवस, १८ सप्टेंबर १९३० रोजी, ते वारले. माझगावच्या टेकडीवरील बागेस त्यांचे नाव आहे.

गोव्याकडील घराण्यांस तर फार दूर जाण्याचे कारण नाही. १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या आश्रयाने पोर्तुगीज सत्ता उलथून पाडण्याचा कट झाला. त्यात गोमंतकीय धर्मगुरू पुढे होते, कारण त्यांस वर्णभेदाने वरच्या जागा नाकारल्या जात. कट फुटला. गृहस्थांपैकी पुष्कळांस देहदंड झाला, आणि धर्मगुरूंस लिस्बनच्या तुरुंगात धाडण्यात आले. इंग्रजी अमलाखालील बहुतेक बंडांपूर्वी घडलेली ही गोष्ट, तरी तिची आठवण मराठी पुस्तकांत फार थोडी आहे. पुढे चांदरचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस समिती स्थापिली. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावास सभाबंदी मोडली त्याच वर्षी कुन्य यांस लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची सजा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात कोंडले. ते पुढे निसटून मुंबईस आले व १९५८ साली तेथेच वारले. गोवा मुक्त झाल्याचा १९ डिसेंबर १९६१ चा दिवस त्यांस पाहावयास मिळाला नाही. पीटर आल्वारिस यांनी नॅशनल काँग्रेस (गोवा) या संस्थेचे अध्यक्ष म्हणून १९५४-५५ च्या सत्याग्रहांचे पुढारीपण केले. हे सर्व बाप्तिस्मा झालेले पुरुष, आणि राज्य मात्र कॅथलिक! ज्या राजसत्तेच्या छत्राखाली आपला धर्म आला तिच्याविरुद्ध उभे राहताना त्यांच्या मनाची किती ओढाताण झाली असेल, याचा विचार आजच्या वाचकाने करावा.

आता कामाच्या गोष्टी. धर्मग्रामाच्या वह्या या कुटुंबाच्या शोधाचे पहिले साधन होय. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी ठेवण्याचा नियम त्रेंतच्या धर्मसभेचा, १५६३ चा. बाप्तिस्म्याच्या वहीत जन्मतारीख, आईबाप, धर्मपिता व धर्ममाता, पुष्कळदा गाव, आणि समासात पुढे झालेल्या विवाहाचा टीप असते. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये किंवा पोर्तुगीजमध्ये आहेत. योआन्नेस म्हणजे आपला जॉन आणि याकोबुस म्हणजे जेम्स, हे कळले म्हणजे अर्धी भीती जाते. आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. पूर्वी काही देवळे गोव्याच्या पाद्रोआदो अधिकाराखाली व काही रोमच्या प्रोपागांडाखाली होती. पाद्रोआदोच्या या भागातील देवळांसाठी १८८६ साली दमणचा धर्मप्रांत झाला व तो १९२८ साली मुंबईत विलीन झाला. यास्तव एकाच गावच्या नोंदी दोन परंपरांत विखुरल्या असणे शक्य आहे. या वह्यांत कोणी सत्याग्रही होता असे लिहिलेले नसते. त्या फक्त माणूस निश्चित करितात: हा कोण, कोणाचा, कोठला. दफनाच्या वहीत मात्र मृत्यूचे ठिकाण तुरुंग असे आढळल्यास तेथे थांबावे.

दुसरे साधन सरकारी दप्तर. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचे पुराभिलेखागार आहे. दप्तराची स्थापना १८२१ ची. १८७९ च्या बंडाचे कागद न्यायखात्याच्या, व १९३० नंतरच्या चळवळीचे कागद गृहखात्याच्या विशेष शाखेच्या फायलींत असतात. येथे नावाने शोधू नये; साल, तालुका आणि घटना यांनी शोधावे. राज्य शासनाने काढलेला स्वातंत्र्यसैनिकांचा चरित्रकोश, आणि भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेने काढलेला हुतात्म्यांचा कोश, हे दोन्ही चाळावेत. त्या काळच्या सत्याग्रह्यांस येरवडा, नाशिक, ठाणे, विसापूर अशा तुरुंगांत ठेवीत. घरात यांपैकी एका जरी गावाचे नाव सहज निघाले तरी ते लिहून ठेवावे. आमच्या माहितीच्या एका वृद्ध बाई आपले वडील ‘विसापूरच्या धर्मशाळेत’ सहा महिने होते असे सांगत. विसापूरला धर्मशाळा कसली! परंतु लहान मुलीस तुरुंग म्हणून कोण सांगेल?

तिसरे साधन निवृत्तिवेतनाचे कागद. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांस वेतन देण्याची योजना सुरू केली. सहा महिन्यांचा कारावास ही साधारण अट होती, स्त्रियांस व अनुसूचित जाती-जमातींस तीन महिन्यांची. तुरुंगाचा दाखला नसल्यास सहबंद्यांची प्रमाणपत्रे चालत. गोव्याच्या लढ्यातील लोकही या योजनेत आले. ज्याने अर्ज केला त्याच्या अर्जात सर्व हकीकत एकत्र मिळते. परंतु ज्याने केलाच नाही तो लढला नव्हता असे होत नाही. कित्येक स्वाभिमानी माणसांनी देशसेवेचे मोल घेणार नाही म्हणून अर्ज केला नाही, आणि कित्येक गरिबांस अर्ज कोठे करावयाचा हेच कळले नाही. याच्या उलट, ज्यांनी तुरुंग पाहिलाही नाही अशांनीही वेतन घेतल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली. खादीची टोपी घातलेला फोटो हा पुरावा नव्हे, आणि ताम्रपटाच्या शेजारी उभे राहून काढलेला फोटो तर मुळीच नव्हे. आपल्यास आठवी आज्ञा पाठ आहे. मेलेल्या आजोबांविषयीही खोटी साक्ष ही खोटी साक्षच होय.

आलेल्या हकीकतींपैकी ज्यांस कागदाचा आधार मिळाला नाही त्या आम्ही येथे छापल्या नाहीत. त्या फेकूनही दिल्या नाहीत. धर्मग्रामाच्या कचेरीत एक नवी वही उघडली आहे. तिच्यात रकाने सहा: नाव व घराचे नाव, मूळ गाव व तालुका, साल, ठिकाण अथवा तुरुंग, कोणी सांगितले, आणि पुरावा. पहिले पाच रकाने रविवारच्या मिस्सेनंतर कोणीही येऊन भरावेत, परंतु शिसपेन्सिलीने. सहाव्या रकान्यात कागदाचा उल्लेख आला म्हणजे सगळी ओळ शाईने लिहिली जाईल. आजपर्यंत सतरा ओळी आल्या आहेत, शाईच्या दोन.